सुमरतीबाईची दोन मिनिटं

मिक्सरवरचा मीटर हलत होता आणि स्पीकरमधून आवाज येत नव्हता. मी वायर बदलली, व्हॉल्यूम वाढवला. काही नाही. समोर स्टेजवर सुमरतीबाई बोलत होती.

मी साउंड इंजिनिअर, राहायला राजापेठेत. लग्नापासून सभेपर्यंत सगळं केलंय. परतवाड्याचा हा कार्यक्रम जोएलचा होता. जोएल मूळचा अकोल्याचा, आता मोठा रॉक गायक, पोरं त्याच्यासाठी वेडी होतात. माणूस श्रद्धाळू ख्रिस्ती, पण स्टेजवरून उपदेश करत नाही. "येशू आजाऱ्यापाशी जाऊन बसला, मंग मी निस्तं गाऊन कसं चालन?" म्हणतो. दर कार्यक्रमात मधेच गाणं थांबवतो आणि ज्याचं कुणी ऐकत नाही अशा माणसाच्या हातात स्वतःचा माइक देतो.

सुमरतीबाई मेळघाटातली कोरकू बाई. गावच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप. लेक बाळंतपणात दूरच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेली, आणि आता सुनेला सातवा महिना होता. आरोग्य खात्याचे मोठे साहेब पहिल्या रांगेत बसणार, म्हणून जोएलनं तिला आणलं होतं.

दुपारी साउंड चेक करताना तो म्हणाला, "दादा, बाईले बी माइकवर बोलून पाहू दे."

"अरे, दोन मिनिटं बोलाचं तिले. त्यात काय चेक करतं?" मी म्हणालो. बावीस वर्षांच्या कामाचा माज, दुसरं काय!

जोएलच्या माइकला मी गेट लावलं होतं. गेट म्हणजे आवाजाच्या वाटेवरचं दार. ठरवल्याइतका जोर असला की उघडतं, कमी असला की बंद. जोएल घसा फाडून गातो. मागच्या ड्रमचा गोंगाट त्याच्या माइकात शिरू नये म्हणून गेट चांगलंच कडक ठेवलं होतं. सुमरतीबाई घरात बोलावं तसं हळू बोलत होती. तिचा एकही शब्द दाराबाहेर आला नाही. मीटर मात्र दाराच्या अलीकडचा आवाज दाखवत होता, म्हणून मी वायरी चाचपत बसलो.

मागून कुणी तरी ओरडलं, "आवाज!"

दुसऱ्यानं दटावलं, "चूप बस ना बे, बाई प्रार्थना करून राह्यली."

मग सगळं मैदान शांत झालं. पोरांनी मोबाइलचे दिवे लावले. साहेबांनी हात जोडले. जोएल मागे मान खाली घालून, डोळे मिटून उभा होता. त्याला तिचा आवाज जवळूनच ऐकू येत होता; वाटलं, लोकही ऐकताहेत. बाईला तरी काय कळणार? तिनं जन्मात पहिल्यांदा माइक धरलेला.

मला गेट आठवलं तेव्हा ती नमस्कार करून वळली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांना दुसरा कार्यक्रम होता, ते उठून गेले.

सुमरतीबाई थेट माझ्याकडे आली. "सायबानं आइकलं ना, भाऊ? आता कुलूप काढतीन ना?"

"हो," मी म्हणालो. माझी मलाच किळस आली.

जोएलला मात्र खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो उपकेंद्र उघडण्याचा अर्ज घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेला. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि आपल्या मुलीसाठी त्याच्यासोबत फोटो काढला.

सुनेला कळा लागल्या तेव्हा कुलूप तसंच होतं. ती वाचली. बाळ गेलं.

तेव्हापासून मी गाणाऱ्याच्या आधी बोलणाऱ्याचा माइक तपासतो. सुमरतीबाईला त्याचा काही उपयोग नाही.