दिंद्रुडच्या मांडवात शिसवी पेटी

भाचीचं, गंगूचं, लग्न दिंद्रुडला नवऱ्यामुलाच्या दारी ठरलं. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, तिला घेऊन पुढे गेला आणि दागिन्यांची पेटी बीडहून नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पेटी आमच्या बाबांच्या हातची, शेवटची. आम्ही सुतार. काळं शिसव, दातात दात अडकवून जोडलेले कोपरे, खिळा औषधालाही नाही. कुलूपही नाही. बाजूची बोटभर पट्टी आधी सरकवायची, मग झाकण खाचेतून बाहेर येतं. निघण्याच्या आदल्या दिवशी चुलतीने तिची पूजा केली. लक्ष्मीच ती, म्हणून पाण्याने न्हाऊ घातली आणि ओल्या खणात गुंडाळून ठेवली. सुताराच्या घरात हे घडावं, याला काय म्हणावं!

या वाटेने जाणाऱ्यांनी गाडी पहाटेच जोडावी आणि पिण्याचं पाणी घरचं घ्यावं. वडवणीपर्यंत सडक बरी आहे, पुढे काळ्या मातीतली चाकोरी, हाडं खिळखिळी होतात. चोरांची भीती म्हणून पेटी कडब्याखाली ठेवली आणि मी त्यावर बसले. झाड हललं तरी मी कडब्यात हात घालून पेटी चाचपायचे.

वडवणीला बाजार होता. दोन पैशांत गरम भजी पोटभर मिळाली. खाऊन झाल्यावर सहज पेटीची पट्टी चाचपली, तर ती जागची हलेना. लाकूड फुगलं होतं. बाजारातल्या सुताराला दाखवली.

"आक्का, पटाशी घालू का?"

"फुटंल की रं!"

"मग आठ दिस सावलीत ठिवा. आपसूक उघडंल."

आठ दिवस! हळद दुसऱ्याच दिवशी होती. रात्री तिथेच मुक्काम केला, पण डोळ्याला डोळा लागला नाही.

दिंद्रुडच्या मांडवात पोचले तेव्हा पाच जाणती माणसं सतरंजीवर बसली होती. तिकडची रीत अशी की दागिने पाचांना दाखवल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मी खरं ते सांगितलं. नवऱ्यामुलाचा चुलता हसला.

"पेटी उघडत न्हाई, का आत कायीच न्हाई?"

भाऊ हात जोडून म्हणाला, "पाव्हणं, दागिनं हायत. थोडा दम धरा."

पेटी उन्हात ठेवून पाहिली, चुलीजवळ शेकवून पाहिली. एक बारीक चीर दिसली, तशी मी ती झटकन मागे ओढली. पट्टी मात्र ढिम्म. हळद कालवलेली वाटी तशीच सुकत चालली. चुलता पुन्हा बोलला, या वेळी मुद्दाम बायकांना ऐकू जाईल असं.

"लबाड बापाची पोर घरात घ्यायची कावून?"

गंगू पाटावर बसली होती. तिने मान इतकी खाली घातली की चेहरा दिसेना. भाऊ खांबाला धरून उभा होता. मला इतका राग आला की सोयरीक, रीत, सगळं विसरले. सरपणाजवळची कुऱ्हाड उचलली.

"आत्या, नगं!" गंगू ओरडली.

एकाच घावात झाकण दुभंगलं. सरी, नथ, बिलवर, सगळं सतरंजीवर घरंगळलं. चुलता पुढे वाकून सरी उचलू लागला.

"हात लावू नगा," मी म्हणाले. "आधी माज्या भावाची माफी मागा."

त्याने मागितली. तोंडातल्या तोंडात का होईना, पण पाचांच्या देखत मागितली. मग हळद लागली.

लग्नातलं जेवण उत्तम होतं म्हणतात, मला चव आठवत नाही. परतीला दोन दिवस भाऊ गप्प होता. पेटीचे तुकडे मी पदरात बांधून आणले. कोपऱ्यांचे सांधे एवढ्या घावानेही सुटले नव्हते. ते पाहून वाटेत दोनदा रडले.

बीडला घरात शिरल्यावर भाऊ पहिल्यांदा बोलला.

"आक्का, बाबा असते तर लई चिडले असते."

"बाबा असते," मी म्हणाले, "तर कुऱ्हाड माज्या हातात आलीच नसती. त्यांनीच आधी उचलली असती."

त्याने एक न सुटलेला कोपरा उचलून बोटाने चाचपला. मग म्हणाला, "व्हय." आणि आम्ही जेवायला बसलो.