उतारावरचं गवत

माझ्या दादांना, म्हणजे वडिलांना, मी उतारावरून ढकललं नाही. मी फक्त त्या उतारावरचं गवत उपटलं होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी साखऱ्याला नांदायला आले होते. (ही पदवी मी कुणाला विसरू देत नसे!) घर उंचावर, खाली म्हशी बसायचा चिखल आणि मधल्या उतारावर दाट गवत. दादा पहिल्यांदाच मुक्कामाला येणार म्हटल्यावर मला ते गवत फारच गबाळं दिसायला लागलं.

"उपटू नको माय, त्यानं माती धरून ठेवलीय," आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, याला सोटमूळ नाही. नुसती तंतुमुळं, केसासारखी! ती काय माती धरणार?"

मी दोन दिवस उपटत राहिले. प्रत्येक ठोंबाबरोबर पाटीभर माती निघत होती. (शहाण्या माणसाला इथंच संशय आला असता!) एक ठोंब मात्र काही केल्या निघेना. दमून तो तसाच सोडला.

मग पाऊस लागला. उताराचं श्रीखंड झालं! आणि नेमके दादा आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात पेढ्यांचा पुडा. निम्मा चढ चढून "कशी हायेस बाई?" म्हणाले आणि उत्तर न ऐकताच खाली निघाले! पेढे पुढं, दादा मागं! पेढे म्हशींपर्यंत पोचले. दादांच्या हाताला तो ठोंब लागला.

"सोडू नका, दादा!"

"सोडतो काहून? पण हे उपटंल की!"

"न्हाई उपटत, पाव्हणं! लई मुळं हायेत त्याला!" आत्याबाई पदर खोचून, दोर घेऊन धावल्या. आम्ही दोघींनी दादांना वर ओढलं. ठोंब जागचा हलला नव्हता.

ओसरीवर बसलेल्या दादांचे फक्त डोळे स्वच्छ होते. "गवत कुणी उपटलं व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "म्याच सांगितलं होतं. चुकलं माझं."

वाटलं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं. ठेवलं नाही, दादांना कळलं असतं!

सकाळी आत्याबाईंनीच ओढ्याकाठचं गवत आणलं, माझ्याबरोबर उतारावर लावलं. एक टोमणा नाही, की "सांगत होते" नाही.

निघताना दादांनी मला बाजूला घेतलं. "तुझी सासू बिचारी अडाणी. पण एवढी शिकलेली असून तू चारचौघांत तिची चूक काढली न्हाईस. लई समजदार झालीस, बाई!"

मी मान खाली घातली आणि ती शाबासकीसुद्धा पदरात पाडून घेतली!