पाणी पिणारी पूड

माझा धाकटा चुलता सोलापुरात नवी पेठेतल्या बियाण्यांच्या दुकानात होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, एका कोरड्या वर्षी, ज्वारीच्या पेरणीआधी तो दुधनीजवळच्या आमच्या गावी आला आणि त्यानं अंगणात खेळच मांडला. तांब्यात पाणी, त्यात परदेशातून आलेली मूठभर पांढरी पूड. जरा वेळानं त्यानं तो तांब्या थेट वडिलांच्या पटक्यावर उपडा धरला. एक थेंब पडला नाही! आत पाण्याची घट्ट खीर झाली होती. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. असल्या नाटकांचं मी जन्माचं गिऱ्हाईक.

"जिमिनीत टाक दादा. पाणी लई धरतंय," चुलता म्हणाला.

वडिलांना हवा होता कडबा. ज्वारी आली तर बैलजोडी दावणीला राहणार होती, नाहीतर तिला बाजार दाखवावा लागणार होता. त्यांनी बियाबरोबर पूडही पेरली. मग पाऊस जो गेला तो गेलाच. पूड बिचारी जमिनीत आ वासून पडली.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, घरातले सगळे शेतात जेवायला गेलो. त्या दिवशी पिकावर आंबील शिंपडायची आमच्याकडे रीत आहे. आईनं ताक आणि ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीचा डेरा भरून आणला होता. ती चार थेंब उडवणार, तोच चुलत्याच्या अंगात आलं.

"वैनी, शिंपडताय काय? वता की! येक थेंब वाया जायचा न्हाय."

"आन् जेवायला काय, तुमची पूड?"

पण वडिलांनी डेरा उचलला आणि त्यातल्या त्यात हिरव्या असलेल्या ओळींवर रिकामा केला. काही वेळानं माती उकरली तर खाली गोळे टम्म फुगलेले! चुलता नाचला. आम्ही कोरडी भाकरी खाल्ली, तीही आनंदात.

सकाळी पाहतो तर गावातली कुत्री आंबट वासावर येऊन गेलेली. ओळीच्या ओळी उकरलेल्या, ज्वारी मुळासकट उताणी. बाकीचं शेत आधीच करपलं होतं. वडिलांनी ती ज्वारीची ताटं गोळा करून बैलांपुढं टाकली. वर्षाचा कडबा दुपारच्या आत संपला.

दुधनीच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं बैलाच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"खायला काय घालत व्हता, मालक?"

"परदेशी खुराक," वडील म्हणाले.

चुलता हसला, मीही हसलो. गिऱ्हाईक हसलं नाही, पण जोडी घेऊन गेलं. जाताना त्यानं दावी सोडून आमच्या हातात दिली. घरी आल्यावर वडिलांनी ती रिकाम्या दावणीला पुन्हा नीट बांधून ठेवली.