सात घरांचं पिल्लू

आमच्या मजल्यावरच्या सिस्टर कुणाशीही बोलायच्या आधी त्याचा हात हातात घेत. नव्या माणसाला तो जिव्हाळा वाटे. प्रत्यक्षात त्या नाडी बघत असत. "हं, ठीक आहे," असं म्हणून त्यांनी हात सोडला की मग बोलणं सुरू. परळच्या एका इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्या निवृत्त झाल्या म्हणून लोकांच्या नाड्या थोड्याच थांबणार होत्या.

आमच्या परळच्या चाळीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. आमच्याशी त्या स्वच्छ, नेमकं, वॉर्डातलं मराठी बोलत. मालवणी राखून ठेवलं होतं ते बोक्यासाठी. "खंय होतंस रे मेल्या?" असं भिंतीपलीकडून ऐकू आलं की समजावं, बोका घरी आला.

हा बोका तुम्ही पाहायला हवा होता. पिवळा, रुंद डोक्याचा, एक कान फाटलेला. जिन्यात समोर आला तर आपणच बाजूला व्हावं असा अवतार. पण सिस्टर खाटेवर बसल्या की हा दांडगा प्राणी त्यांच्या गोधडीचा कोपरा तोंडात धरून चोखायला लागे, आणि पुढच्या दोन्ही पायांनी कणीक मळावी तशी गोधडी मळत राही. डोळे मिटलेले, हनुवटी लाळेनं ओली. आईच्या पोटाशी पिल्लं करतात तेच. पिल्लांनी खाट करकरत नाही, एवढाच फरक.

"लाज नाही वाटत याला?" मी एकदा विचारलं.

"आमच्या वॉर्डात पहाडासारखे गडी यायचे," सिस्टर म्हणाल्या. "गिरणीतले, गोदीतले. सुई बघितली की आई गं. कुणाला लाज वाटली नाही आणि मीही कधी काढली नाही."

बोक्याला बांगडा काटे काढून द्यावा लागे. एकदा सार्वजनिक मोरीत उंदीर निघाला, तेव्हा सगळ्या मजल्यानं मोठ्या अपेक्षेनं बोक्याला पुढे केलं. त्यानं उंदराकडे पाहिलं, मग सिस्टरकडे पाहिलं आणि बारीक आवाजात रडायला लागला. उंदीर सावकाश निघून गेला. त्यालाही घाई करावीशी वाटली नसावी.

मग आमच्या चाळीचा विकास करायचं ठरलं. गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली. तिच्यात चाळीच्या जागी टॉवर होता, टॉवरला इंग्रजी नाव होतं आणि खालच्या बागेत आमच्यापैकी कुणासारखीच न दिसणारी माणसं हसत फिरत होती. भूमिपूजनाला मंडप, फेटे आणि भाषणं झाली. संडासापुढच्या रांगेत जपलेल्या शेजारधर्माला एका वक्त्यानं 'सांस्कृतिक ठेवा' म्हटलं. तो ठेवा सोडायला आम्ही सगळे उतावीळ होतो.

बिऱ्हाडं हलली. कुणी डोंबिवलीला गेलं, मी चिंचपोकळीला भाड्याची खोली घेतली. सिस्टरनी शीव कोळीवाड्यात जागा बघितली, आगाऊ भाडं भरलं, भांडी बांधली, आणि घरातच बसून राहिल्या.

पुनर्विकास समितीचे सेक्रेटरी समजूत घालायला आले. मी माझी रिकामी खोली झाडायला आलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

"सिस्टर, एका बोक्यापायी सगळ्या चाळीचा विकास अडलाय."

"मग इतकी वर्षं कशापायी अडला होता?"

सेक्रेटरींनी विषय बदलला. "न्या की त्याला बरोबर. पण एक सांगतो, मांजर माणसाचं नसतं, घराचं असतं. कुठंही सोडा, वास काढत परत इथं येणार. आणि इथं तर पाडकाम."

तेच तर सिस्टरचं दुखणं होतं. ठेवला तर उपाशी मरेल, कारण त्याला शिकार येत नाही. नेला तर परत येऊन ढिगाऱ्याखाली जाईल. गेल्या आठवड्यापासून त्या कुणाची नाडीही बघत नव्हत्या.

सेक्रेटरी गेल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी माझं वाचन काढलं. वयात आलेली मांजरं एकमेकांशी फारसं म्यँव म्यँव करत नाहीत, ती पिल्लाची आईला हाक असते. माणसाजवळ राहिलेली मांजरं मोठी झाली तरी ती हाक माणसासाठी ठेवतात. "तेव्हा तुमचा बोका तुम्हाला आई समजतो, असं शास्त्र म्हणतं," मी म्हणालो. पुस्तकं वाचणाऱ्यांना असल्या वेळी असलंच काहीतरी सुचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन. "टॅक्सी घेऊन या. निघतोय आम्ही."

"आणि तो परत आला तर?"

"मोठं मांजर घराला धरतं. पिल्लू आईला धरतं. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, त्यातलं एक तरी पिल्लू पहिल्या घरी परत गेलेलं ऐकलंय तुम्ही? हा मोठा झालेलाच नाही. तुमच्या पुस्तकातच आहे ना?"

या युक्तिवादात मला लगेच दोन-तीन भोकं दिसली. मी टॅक्सी बोलावली.

गोधडीत गुंडाळलेला बोका परळपासून शीवपर्यंत टाहो फोडत होता. टॅक्सीवाल्यानं आरशातून विचारलं, "माँजी, बच्चा है क्या?"

"हां, बच्चाच है," सिस्टर म्हणाल्या आणि गोधडी थोपटत राहिल्या. "झाला रे झाला. काय नाय झाला."

चौथ्या दिवशी बोका खिडकीतून पळाला.

मी कामावर जाताना रोज चाळीकडे वळायला लागलो. अर्धी इमारत उतरली होती, धूळ उडत होती. पहारेकरी मला ओळखायला लागला. "नाय दिसला, साहेब," तो आपणहून सांगे, आणि मला हायसं वाटे. माणसानं काही शोधायला जावं आणि ते सापडू नये म्हणून मनात हात जोडावेत, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं.

सिस्टर मात्र कुठंही गेल्या नाहीत. दार उघडं टाकून दारातच बसून राहिल्या. "तुम्ही शोधायला नाही जाणार?" मी फोनवर विचारलं.

"आईच हिंडायला लागली तर पिल्लानं यायचं कुणाकडे?" त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. पण त्यांची तिथली शेजारीण मला म्हणाली की, त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

त्याला आणलं एका कोळणीनं, बखोटीला मारून. बाजारात तिच्या टोपलीशेजारी तो सकाळपासून बसला होता. "एवढा मोठा बोका," ती सिस्टरना म्हणाली, "पण एका मासळीला तोंड नाय लावला बघ. नुसता माझ्या तोंडाकडं बघून रडतोय. चोर असता तर हाकलला असता. रडणाऱ्याला काय करायचं? दारोदार इचारत आले, पोर कुणाचं म्हणून." सिस्टरनी आधी तिला आत बसवलं, चहा दिला आणि मग दाराकडे पाठ करून पदरानं डोळे पुसले.

टॉवर अजून अर्धाच आहे. दरम्यान भाड्याचा करार संपतो आणि सिस्टर घर बदलतात. दर वेळी फोन येतो, "आलो हां आम्ही नव्या घरी." मला आता काळजी वाटत नाही, नुसता पत्ता विचारतो.

परवा त्यांच्या या नव्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. तरी सवयीनं बेल वाजवली. आत जमिनीवर काहीतरी जड उतरल्याचा आवाज झाला. दाराच्या फटीपाशी पिवळी केसाळ सावली येऊन थांबली. मी हाक मारली, ओळख दिली, चाळीच्या आठवणी काढल्या. आतून हूं नाही की चूं नाही. एवढ्या वर्षांचा शेजार; पण त्यानं माझी दखल घेतली नाही. मी पायरीवर बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं आतून बारीक आवाजात हाक आली. मग दुसरी. मग दार पंज्यांनी ओरबाडणं सुरू झालं. मी उठून जिन्यात वाकून पाहिलं. खाली कुणी नव्हतं, पावलं वाजत नव्हती. आतला रडण्याचा सूर मात्र वाढतच होता.

मग तळमजल्यावर चपला वाजल्या, आणि एक सावकाश, दमलेला आवाज वर चढायला लागला, "इलंय रे, इलंय."