नवारीचा पट्टा

गावचा न्हावी आमच्या वस्तीत येत नसे, आणि आमच्यातलं कुणी त्याच्याकडे गेलं की नेमकी त्याच्या वस्तऱ्याची धार गेलेली असे. म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सेनगावच्या बाजारातून स्वतःचा वस्तरा आणला. वस्तीतल्या सगळ्या दाढ्या तेच करत.

वस्तरा परजायला न्हाव्याकडे चामड्याचा पट्टा असतो. आबांनी तो घेतला नाही. दीक्षा घेतल्यापासून मेलेली ढोरं ओढणं त्यांनी सोडलं होतं. "चामड्याचा तुकडा घरात न्हाई पायजे," म्हणायचे. पायातल्या वहाणा चामड्याच्याच आहेत, असं मी एकदा दाखवून दिलं, तर म्हणाले, "त्या दाराभाईर असतात." मग पलंगाच्या नवारीचा दुहेरी पट्टा त्यांनी शिवला आणि कडी लावून दाराजवळच्या खुंटीला अडकवला.

त्या पट्ट्याचे लाड विचारू नका. वस्तऱ्याची काळी भुकटी विणीत बसली की आबा तो धुवायला घेत. आपटायचा नाही, घासायचा नाही. साबणाचा फेस तळहाताने विणीच्या अंगाने फिरवायचा आणि गार पाणी सोडायचं. पिळायचा तर मुळीच नाही. पिळला की सुरकुती पडते आणि सुरकुतीवर वस्तरा अडखळतो. खाली दगड बांधून सावलीत ताणून वाळवायचा. आई चिडायची, "साबनाची वडी आधी पट्ट्याला, मंग लेकरायला!"

आबांची हौस एकच होती. दाढ्या आटोपल्या की पट्टा गुंडाळता गुंडाळता बोलून दाखवायचे, "सगळ्यायच्या दाढ्या मी करून राहिलो. एकदा कुनी माही करावी. मान टाकून, डोळे मिटून बसावं म्हंतो."

सत्तरच्या दशकात मला हिंगोलीला कारकुनी लागली. शहरात गेल्या गेल्या मला आधी आबांची दाढी आठवली. स्टेशनकडच्या रस्त्यावर मान टेकवायच्या खुर्चीचं एक दुकान मी हेरून ठेवलं. "इथं कोन, कुठला, कुनी इचारत न्हाई," असं सांगून आबांना बोलावून घेतलं. ते पांढरंशुभ्र धोतर नेसून एसटीने आले.

दुकानदार म्हणाला, "या काका, बसा."

आबा खुर्चीपर्यंत गेले. तिच्या दांडीला दुकानाचा पट्टा लटकत होता, वर चामडं आणि खाली नवार. त्यांनी नवारीवरून अंगठा फिरवला आणि तसेच माघारी वळले. बाहेर आल्यावर म्हणाले, "पट्टा मळका हाये. कातडं सोलून काढंल. चल."

मला राग आला, पण पट्ट्याच्या बाबतीत आबांपुढे कोण बोलणार? आम्ही चहा प्यायलो आणि ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

पुढच्या रविवारी मी एकटाच त्या दुकानात गेलो. खुर्चीत बसलो, तर पट्टा अगदी माझ्या कानाजवळ. मी नवार उलटून पाहिली. स्वच्छ होती. विणीत काळं नाही, कुठे सुरकुती नाही. अगदी आमच्या घरच्यासारखी. गावच्या न्हाव्याने वस्तऱ्याचं निमित्त केलं होतं, आबांनी पट्ट्याचं. ऐन खुर्चीत बसल्यावर कुणी गाव विचारलं, जात विचारली आणि उठवलं तर, या धास्तीने ते आपणहून उठून आले होते.

दुकानदार फेस करता करता म्हणाला, "त्या दिवशी काका पट्ट्याला हात लावून गेले. काही खोट होती का?"

"न्हाई," मी म्हणालो.

आबांना हे मी कधीच सांगितलं नाही. काय सांगणार? माणसाच्या मनात खुर्चीची भीती घालणाऱ्या त्या गावाचा संताप मला आजही येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. आबा अखेरपर्यंत हातातल्या आरशात बघून स्वतःची दाढी स्वतःच करत राहिले.

त्या रविवारी दुकानदाराने माझ्याबद्दल एकच गोष्ट विचारली, "पाणी गार चालंल का?" मी मान हलवली, मागे टेकवली. डोळे मात्र मिटवेनात.