वस्तादांसाठी चार फ्लॅश

शिवानंद तोडकरांच्या स्टुडिओत एका कंपनीच्या दोन वस्तू शोधून सापडायच्या नाहीत. कॅमेरा पुतणीनं, मनालीनं, स्वतः नवा घेतल्यावर दिलेला जुना. त्यावर बसवायचा, फ्लॅशना इशारा देणारा ट्रिगर भलत्याच कंपनीचा. फ्लॅश तीन, तिघांची तीन गावं. आणि चौथा वडिलांच्या काळातला मोठा स्टुडिओ लाइट, जो उचलताना शिवानंदांचा पोलिओचा पाय थरथरायचा. या चौघांना एकाच क्षणी उडवायचं म्हणजे भांडलेल्या चार भावांना एका पंगतीत बसवायचं. पण ते शिवानंदांनाच जमायचं, अख्ख्या पेठेत दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. दोन फ्लॅशना रेडिओचे रिसीव्हर लावायचे. तिसऱ्याला त्यातल्याच एका रिसीव्हरवरून वायर ओढायची. मोठ्या लाइटला मात्र काहीच लावायचं नाही. त्याच्या डोक्यावर लाल काचेचा एक बारका डोळा होता. समोर दुसरा फ्लॅश उडालेला त्या डोळ्याला दिसला की लाइट आपोआप उडायचा. वडिलांच्या हातचा हा लाइट शिवानंदांचा फार लाडका होता.

एवढा सरंजाम मांडायची वेळ अलीकडं फारशी येत नसे. लग्नाला ड्रोनवाली पोरं जातात, बारशाला मोबाइल पुरतो. शिवानंदांकडं उरले पासपोर्ट फोटो आणि एक राहिलेलं काम. ते काम म्हणजे गणपती वस्तादांचा फोटो.

वस्तादांनी पेठेतल्या तालमीत साठ वर्षं पैलवान घडवले, पण कॅमेरा दिसला की पाठ फिरवली. "फोटू काढला की अंगातलं बळ उतरतंय," म्हणायचे. तालमीच्या भिंतीवर शंभरेक फोटो, निम्मे शिवानंदांच्या वडिलांनी काढलेले, आणि एकातही वस्ताद नाहीत. पायापायी शिवानंदांना लंगोट कधी लावता आला नाही. लहानपणी ते आखाड्यातल्या मातीच्या हौद्याच्या कट्ट्यावर बसून कुस्त्या बघायचे आणि डोळे पुसायचे. तेव्हा वस्ताद एकदा म्हणाले होते, "रडू नगंस. माझा फोटू काढायची येळ आली तर तूच काढायचास." झालं. त्या एका वाक्यावर या माणसानं पन्नास वर्षं कॅमेरा धरला. हसू नये कुणी, माणसं याहून कमी आधारावर जगतात.

यंदा शहाऐंशीव्या वर्षी वस्तादांच्या किडन्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. वस्तादांना ते न सांगता कळलं. त्यांनी मुलाला, अमरसिंहला, जवळ बोलावलं.

"नागपंचमीला पोरं मातीच्या पाया पडाय येत्यात न्हवं? त्यांच्यात बसून एक फोटू काढूया. आता बळच न्हाय, उतरायचंय काय. शिवाला सांगावा धाड."

दवाखान्यानं एक तास दिला. एक तासात गाडीनं न्यायचं, तालमीच्या तळघरात, मातीच्या हौद्यापाशी उतरवायचं आणि परत आणायचं.

नागपंचमीच्या सकाळी शिवानंदांनी स्टुडिओत चारही लाइट मांडले आणि दहादा उडवून बघितले. दहाही वेळा चौघे एकदम उडाले. सामान बांधायला घेतलं तेवढ्यात बायको, दानेश्वरी, पूजेचं ताट घेऊन आली. ती गडहिंग्लजकडची, नवऱ्याला कानडी वळणानं 'री' म्हणूनच हाक मारायची.

"री, जरा थांबा की. एवढं मोठं काम हाय, तसंच निघालाय."

तिनं कॅमेऱ्याला विभूती लावली, फ्लॅशना लावली. वर तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढली. मोठ्या लाइटला कपाळ कुठलं म्हणायचं? डोक्यावरचा लाल डोळा तिला कपाळाच्या जागी दिसला. तिथं तिनं भरघोस कुंकू लावलं आणि हात जोडले.

रिक्षात लाइट मांडीवर घेतल्यावर शिवानंदांना ते दिसलं. लाल काचेवर लाल कुंकू, नीट बघितलं तरच कळावं असं. अंगठा पुसायला वर गेला आणि तिथंच थांबला. बायकोनं लावलेलं कुंकू नवऱ्यानं स्वतःच्या हातानं पुसायचं? कोल्हापुरात असला अंगठा सहसा पुढं जात नाही. त्यात दानेश्वरीचं मागच्या वर्षीच ऑपरेशन झालेलं, अपशकुन कशाला? एवढ्यानं काय होतंय, थोडा उजेड शिरंल की आत, असं मनाशी म्हणत त्यांनी हात खाली घेतला.

तळघरात ताक-हळद मुरलेल्या मातीचा वास भरला होता. उजेडाला वरची एक झडप तेवढी. शिवानंदांनी डावी-उजवीकडं दोन फ्लॅश ठेवले, तिसऱ्याचा उजेड मागच्या भिंतीवर सोडला आणि मोठा लाइट बरोबर वस्तादांच्या खुर्चीसमोर छत्री लावून उभा केला. तोंडावरचा उजेड वडिलांच्या लाइटचाच असावा, ही त्यांची हौस. लाइटचं स्वतःचं बटण दाबून बघितलं, तो लख्ख उडाला. सगळे मिळून एकदा उडवून बघणार, तोवर जिन्यावरून आवाज आला, "आलं, वस्ताद आलं."

खुर्चीसकट उचलून आणलं त्यांना. डोक्याला फेटा बांधला होता, पण आत चेहरा केवढासा झालेला. साठ-सत्तर पैलवान भोवती दाटीनं उभे राहिले.

शिवानंदांनी बटण दाबलं. स्क्रीनवर कडेची पोरं स्वच्छ होती, मागची भिंत उजळली होती आणि मधोमध एक काळा फेटा होता.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ट्रिगर काढून बसवला, सेल बदलले, वायर उपसून खोचली. मोठ्या लाइटचं बटण दाबलं, तर तो बिचारा लगेच उडाला. मग कॅमेऱ्याबरोबर का उडत नाही? कॅमेऱ्यात उजेड वाढवायची सोय होती, पण मनालीचा तो कॅमेरा हातात येऊन तीनच आठवडे झालेले, ती सोय कुठल्या पानावर आहे ते त्या घाईत आठवेना. लाइट सोडून उघड्या झडपेखाली खुर्ची न्यावी, हेही सुचेना. साठी ओलांडलेला, हयात उजेडात घालवलेला माणूस, आणि त्याला रिक्षातला आपला अंगठा आठवेना. याला काय म्हणावं? राग येतो अशा वेळी माणसाचा, आणि कीवही येते.

"झालं का रं, शिवा?" वस्तादांनी विचारलं.

"एकच, वस्ताद. शेवटचा."

तिसराही काळा आला. वस्तादांची मान कलली तसा अमरसिंह पुढं झाला. "बास आता, काका. न्हाय सोसायचं त्यास्नी."

खुर्ची उचलली गेली. शिवानंदांच्या जवळून जाताना वस्तादांनी हात उचलायचा प्रयत्न केला. "तू काढलास न्हवं, म्हंजे ब्येस आला आसंल," ते म्हणाले. शिवानंदांनी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

तालीम रिकामी झाली. सामान गोळा करताना मोठ्या लाइटच्या डोक्यावर हात पडला आणि बोटं लाल झाली. आता मात्र त्यांनी धोतराच्या सोग्यानं तो डोळा खसाखसा पुसला. कॅमेरा रिकाम्या मातीकडं धरून बटण दाबलं. चारही लाइट एकदम उडाले आणि मातीवरचे पायांचे ठसे न् ठसे दिसले. शिवानंद तिथंच कट्ट्यावर बसून रडले.

घरी दानेश्वरीनं विचारलं तेव्हा त्यांनी बॅटरी उतरल्याचं सांगितलं. ती बिचारी चार दिवस बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालत होती.

पाचव्या दिवशी वस्ताद गेले. दुपारी अमरसिंह स्टुडिओत आला. त्याला त्या दिवशीचा फोटो हवा होता. शिवानंदांनी कॉम्प्युटरवर उजेड चढवून चढवून त्याला दाखवला. फेट्याखाली नुसता राखाडी, रवाळ डाग. डोळे कुठले, मिशी कुठली, काही कळेना. अमरसिंहनं स्क्रीन जवळ ओढून बघितली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून वस्तादांचं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"ह्याच्यावरचाच मोठा करून द्या, काका."

नखाएवढा फोटो. सरकारी कामाला नाइलाजानं काढलेला, डोळे अर्धे मिटलेले, गाल बसलेले, डोईवर फेटा नाही. शिवानंदांनी उरलेली दुपार बसून तो साफ केला, पण जितका मोठा करावा तितका तो वस्तादांपासून लांब जात होता. संध्याकाळी चौकात दहा फुटी फ्लेक्स लागला, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली पन्नास पैलवानांची नावं. फोटो कुणी केला ते लिहू नका, असं शिवानंदांनी सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ते फ्लेक्सखाली उभे होते. मुरगूडहून एक म्हातारा पैलवान आला. कान मोडलेले, हातात हार. गुडघ्यामुळं नागपंचमीला येता आलं नाही, म्हणून हळहळत होता. तो फ्लेक्सच्या पुढ्यात उभा राहिला, इकडं तिकडं बघितलं आणि शिवानंदांना म्हणाला, "पावणं, वस्तादांचा फोटू कुठं लावलाय?"

शिवानंदांनी वर बोट दाखवलं. "ह्योच की."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून पुन्हा एकदा बघितलं. "न्हाय वो. मी तीस वर्सं हुतो त्यांच्यापशी. ह्यो दुसराच कोण तरी हाय," तो म्हणाला, आणि हार घेऊन वस्तादांचा फोटो शोधायला तालमीत शिरला.