मार्चनंतरचे चार हप्ते

समजा, तुम्ही हिंगोलीत बसून आयकराचं विवरणपत्र भरताय. परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता उघडलाय. तिकडच्या नोकरीत पगारातून कापलेली पेन्शन, त्यात मालकानं घातलेली भर, जानेवारी ते डिसेंबर, सगळं त्यात लिहायचंय. आणि तुमच्याच नावाच्या पेन्शनच्या उताऱ्यात तुम्ही न केलेल्या नोकरीचे हप्ते निघाले, तर काय लिहाल?

डोंगरकड्याची आकांक्षा इथंच अडली. तीन वर्षं तिनं इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा केली आणि मागच्या वर्षी मार्चअखेर ती परतली. म्हणजे महिन्याला एक धरून त्या वर्षाचे हप्ते तीनच हवेत. उताऱ्यात सात होते.

विवरणपत्रं भरून देणारे अनिरुद्ध सर चष्म्यावरून तिच्याकडं बघत राहिले. "जुलैपर्यंत तुमी तिथंच होता म्हणतो हा कागद. पगार लपवून तर न्हाई राहिल्या ना, ताई?"

तिनं पासपोर्ट पुढं केला. त्यांनी शिक्का उजेडात धरून दोनदा वाचला, तरी त्यांचा चेहरा सैल झाला नाही. सात हप्ते लिहिले तर त्या चार महिन्यांच्या पगारावर इथं कर लागेल, तीन लिहिले तर कागदाशी जुळणार नाही, असं ते म्हणाले. मुदतीला दोनच दिवस होते.

मग तिच्या डोक्यात साक्षी आली. साक्षी तिची मावसबहीण, तिथंच शिकायला आलेली. जागा सोडताना आपलं माणूस लावून द्यायचं, ही गावाकडची रीत आकांक्षानं तिथंही पाळली होती. साक्षीला तिनं गणवेश दिला, आणि नवं येईस्तोवर वापर म्हणून स्वतःचं हजेरीचं कार्डही दिलं.

तिनं बाहेर येऊन फोन लावला. साक्षी बराच वेळ पावसापाण्याचं बोलत राहिली. तेच आकांक्षाला खटकलं. तिनं सरळ हप्त्यांचं विचारलं.

"तूच म्हणलीस, अक्का, म्हणून तुझं कार्ड लावलं," साक्षी हळू आवाजात म्हणाली. "मला कुठं पगार भेटला? आश्रमाची मालकीण म्हणली, चार महिने तू शिकाऊच."

आकांक्षाचा विश्वास बसेना. साक्षी खोटं बोलतेय असंही वाटेना. पगार निघाल्याशिवाय पेन्शन कापत नाहीत, आणि तिनं तर तिकडचं बँकेचं खातं निघायच्या आधीच बंद केलं होतं.

ती आत आली तेव्हा सरांनी कोणता आकडा टाकू म्हणून विचारलं.

"कोणताच नका टाकू," ती म्हणाली. "माझ्या नावाचा पगार गेला कुणाच्या खात्यात, हे मला कोण सांगंल, सर?"